अर्धा कोयता

ऊसतोडीच्या हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा मुकादमाच्या वहीत हेच माप चालतं. या टोळीत बारा कोयते, त्या टोळीत साडेनऊ. बाकीचे रकानेही ठरलेले असतात : नाव, गाव, मोबाइल, उचल, वजन, दर, तारीख.

समजा, बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने आपल्या मुकादम चुलत्याची ही वही संगणकावर घ्यायचं ठरवलं. सी भाषा नुकतीच शिकायला घेतली आहे. त्या भाषेत कुठलाही आकडा ठेवण्याआधी त्याचा डेटा टाइप सांगावा लागतो. कोयते ही मोजायची गोष्ट, म्हणून तिने इंटीजर, म्हणजे पूर्णांकाचा टाइप, निवडला. शिकवणीच्या वहीतही असंच लिहिलेलं असतं : मोजतो ते इंटीजर, मापतो ते फ्लोट. मग एका एकट्या बाईच्या नावापुढे 0.5 भरलं. सी भाषेने दशांश चिन्हापुढचं सगळं गाळलं, 0 ठेवलं आणि गप्प बसली. प्रोग्राम थांबला नाही, चूक झाल्याचा संदेशही आला नाही. अर्धा कोयता घेऊन निघालेली बाई यादीत शून्य कोयता झाली. अशा चार बाया असल्या तरी बेरीज शून्यच येणार, कारण गाळणं आधी झालं आणि बेरीज नंतर. साडेनऊ कोयत्यांची टोळी नऊची झाली.

डेटा टाइपच्या चुका दोन जातींच्या असतात. काही ओरडतात आणि काही बोलतच नाहीत. ओरडणाऱ्या चुकांना नवशिके घाबरतात, कारण पडद्यावर लाल अक्षरं येतात. खरं तर त्या उपकारक असतात. या प्रकरणात मला मुख्यतः न बोलणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे.

आधी डेटा टाइप म्हणजे काय ते थोडक्यात. संगणकाच्या स्मृतीत फक्त 0 आणि 1 असतात. तिथे 01000001 असं लिहिलेलं असेल तर ते 65 हा आकडा आहे, की इंग्रजी वर्णमालेतलं मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर, हे त्या आठ खुणांवरून कळत नाही. दोन्हींची नोंद हुबेहूब तीच असते. ती कशी वाचायची, तिला किती जागा द्यायची आणि तिच्यावर कोणती क्रिया करू द्यायची, हे टाइप ठरवतो. मुकादमाच्या वहीत हे सगळं मुकादमाच्या डोक्यात असतं. '½' दिसलं की ते माणूस आहे हे त्याला सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र सांगावंच लागतं, आणि एकदा सांगितलं की तो शंका काढत नाही.

पुढचा रकाना उचलीचा. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम मजुरांना जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. ती हंगामभर तोडीच्या मजुरीतून फेडायची असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत सी भाषा वर्षानुवर्षे टर्बो सी या निळ्या पडद्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर शिकवली गेली. त्यात इंटीजरला 16 बिटांची, म्हणजे 0 किंवा 1 अशा सोळा खुणांची, जागा मिळते. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो आणि उरलेल्यात जास्तीत जास्त 32,767 मावतात. त्याच्या पुढे गेलात की आकडा उलटतो. 32,768 ऐवजी उणे 32,768 येतात आणि तिथून मोजणी पुन्हा वर चढू लागते. उचल 40,000 भरली तर वहीत दिसतील उणे 25,536. म्हणजे मजुराकडे मुकादमाचं येणं असण्याऐवजी मुकादमच मजुराचा देणेकरी! ऊसतोडीच्या इतिहासात असं क्वचितच घडलं असेल.

निदान इथे उणे चिन्ह पाहून डोळे विस्फारतील. 70,000 भरून पाहा, 4,464 येतात. हा आकडा अगदी साळसूद दिसतो आणि म्हणूनच जास्त घातक ठरतो.

ही 32,767 ची मर्यादा शिकाऊ मुलांपुरती आहे असं समजू नका. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कूरूहून युरोपचं एरियान-5 रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि 40 सेकंदांच्या आत भरकटून फुटलं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी निगडित एक आकडा 64 बिटांच्या फ्लोटमधून 16 बिटांच्या इंटीजरमध्ये टाकला जात होता. तो प्रोग्राम आधीच्या एरियान-4 साठी लिहिलेला होता. त्या रॉकेटचा वेग कमी असल्याने आकडा कायम मर्यादेत राही. नव्या रॉकेटने मर्यादा ओलांडली आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्राम असल्याने तीही बंद पडली. जगातले उत्तम अभियंते आणि टर्बो सीसमोर बसलेला विद्यार्थी, दोघे एकाच आकड्याला अडखळले.

आजच्या संगणकांवर इंटीजर बहुधा 32 बिटांचा असतो आणि त्याची मर्यादा 2,14,74,83,647 आहे. दोनशे चौदा कोटींच्या वर. उचलीला हे पुरून उरतं. पण 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याला ते 2014 च्या डिसेंबरात पुरलं नाही आणि यूट्यूबला ते किती वेळा पाहिलं गेलं हे मोजणारा आकडा 64 बिटांवर न्यावा लागला. अनेक जुन्या यंत्रणा वेळही अशाच 32 बिटांत ठेवतात, 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून. ते सेकंद 19 जानेवारी 2038 रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी मर्यादेला पोचतील. त्यानंतरच्या सेकंदाला न सुधारलेली यंत्रं डिसेंबर 1901 मध्ये जातील.

आता दर. 2024 च्या जानेवारीत ऊसतोड मजुरीत 34 टक्के वाढ ठरली आणि टनाला 273 रुपयांच्या आसपास असलेला दर 366 च्या घरात गेला. गणित करून पाहा : 273 गुणिले 1.34 म्हणजे 365.82. माणूस हे 366 असं वाचतो. हाच गुणाकार सी भाषेत इंटीजर रकान्यात टाकला की 365 उरतात, कारण इंटीजर जवळच्या पूर्णांकाकडे जात नाही, तो नुसता कापतो. म्हणजे टनामागे रुपया गेला. एका जोडप्याला हंगामाअखेर काहीशे रुपयांचा फरक पडेल, आणि तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. त्यातला काही हार्वेस्टरने तुटतो हे धरलं तरी टनामागचा एक रुपया कोटींमध्ये जातो.

असं खरोखर घडलेलं आहे, फक्त दुसऱ्या गावात. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या शेअर बाजाराने 1982 च्या जानेवारीत 1000 पासून नवा निर्देशांक सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशापुढचं कापून टाकलं जाई. एका कापणीत गेलेला तुकडा रुपयाच्या पैशाहूनही कितीतरी लहान. 1983 च्या नोव्हेंबरात निर्देशांक 520 च्या आसपास घसरलेला दिसत होता, तेव्हा बाजार मात्र चांगला चालला होता. चूक सापडून हिशेब दुरुस्त केल्यावर निर्देशांक 1098 च्या आसपास निघाला.

मग सगळीकडे फ्लोट वापरू, असा निष्कर्ष नवशिका काढतो. तिथे दुसरा खड्डा आहे. पायथन या भाषेला 0.1 आणि 0.2 ची बेरीज विचारा. उत्तर येतं 0.30000000000000004. यात संगणक बिघडलेला नाही. एक भागिले तीन आपण दशमान पद्धतीत 0.3333 असं लिहीत बसतो आणि ते संपत नाही. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो, आणि तिथे एक दशांशाची तीच गत होते. त्याला कुठेतरी थांबावं लागतं. एरवी हा फरक नगण्य असतो, पण 4.35 रुपयांचे पैसे करायला 100 ने गुणलं तर 434.99999999999994 येतात आणि ते इंटीजरमध्ये टाकले की 434 उरतात. म्हणून पैशाचा हिशेब पैशांतच, पूर्णांकात ठेवतात, किंवा पायथनमधला डेसिमल हा खास टाइप वापरतात. काटापावतीवरचं वजन किलोत घ्यावं, म्हणजे 18.465 टनांऐवजी 18,465 किलो. गाळण्याचा प्रश्नच येत नाही.

जाता जाता भागाकाराचं. सी भाषेत 45 भागिले 60 गुणिले 100 याचं उत्तर 0 येतं. 60 पैकी 45 दिवस हजर राहिलेल्या पोराची हजेरी शून्य टक्के! दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच द्यायचा, असा त्या भाषेचा नियम आहे, त्यामुळे 0.75 चे आधीच 0 झालेले असतात. 100 ने आधी गुणलं की 75 मिळतात. पायथनमध्येही पूर्वी असंच होतं. 2008 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ते बदललं. त्याच पायथनमध्ये कळफलकावरून घेतलेला आकडा मजकूर म्हणून येतो, म्हणून 18 आणि 17 टनांच्या दोन खेपांची बेरीज 1817 होते. पहिल्या आठवड्यातली ही चूक प्रत्येकजण करतो आणि लगेच सुधारतो, कारण हजारभर टनांची बैलगाडी कुणी पाहिलेली नाही. तिच्यावर आणखी शाई घालवत नाही.

जास्त वेळ द्यावा असा विषय वेगळाच आहे : जे आकड्यांसारखे दिसतात पण आकडे नसतात. बीड शहराचा पिनकोड 431122. टेलिफोनचा जुना एसटीडी कोड 02442. मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचं खातं, जमिनीचा गट क्रमांक. यांची कधी कुणी बेरीज करतं का? दोन पिनकोडांची सरासरी काढून मधल्या गावाचं पोस्ट सापडत नाही. ज्याची बेरीज, सरासरी किंवा निमपट निरर्थक आहे, ते अंकांत लिहिलेलं नाव आहे. त्याला मजकूर म्हणूनच ठेवायचं.

न ठेवल्यास काय होतं? एक्सेलमध्ये 02442 भरलं की पुढचं शून्य गळून 2442 उरतं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. सी भाषेत मात्र गंमत होते. तिथे शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला समजला जातो, म्हणून प्रोग्राममध्ये 02442 लिहिलंत तर त्याची किंमत 1314 होते. बीडचा फोन कुठे लागेल ते देव जाणे. मोबाइल क्रमांकाचं आणखी सोपं आहे. आपल्याकडचे दहा अंकी क्रमांक 6 ते 9 ने सुरू होतात, म्हणजे सगळ्यांत लहानसुद्धा सहाशे कोटींच्या वर. 32 बिटांच्या इंटीजरची मर्यादा दोनशे चौदा कोटी, म्हणजे भारतातला एकही मोबाइल क्रमांक त्यात मावत नाही. बारा अंकी आधारचा तर प्रश्नच नाही. एक्सेलमध्ये तो दशांश चिन्हासह आखूड होऊन दिसतो. सोळा अंकी कार्ड क्रमांक भरला तर शेवटचा अंक चक्क 0 होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपलीकडे अचूकता ठेवत नाही. आधारचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहूफ पद्धतीने काढलेला पडताळणीचा अंक असतो, त्यामुळे तिथे एक अंक बदलला तरी चूक पकडता येते. पिनकोडला असं संरक्षण नाही.

गट क्रमांकाची कथा तर प्रत्येक तलाठी कार्यालयाच्या आसपास घडू शकते. गट 12 चे दोन हिस्से पडले की दुसरा होतो 12/2. तो एक्सेलमध्ये टाइप करा, लगेच 12 फेब्रुवारी दिसू लागतं. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 2 डिसेंबर. वर्ष एक्सेल आपल्या मनाने चालू वर्षाचं घालतो. घाबरून तुम्ही तो रकाना मजकुराचा केलात तर 12/2 परत येत नाही, 45700 असा काहीतरी आकडा येतो. एक्सेल तारखा दिवसांच्या क्रमांकात साठवतो आणि 12 फेब्रुवारी 2025 चा क्रमांक 45700 आहे. मूळ गट क्रमांक गेला तो गेलाच. सगळ्यांत वाईट म्हणजे हे सरसकट होत नाही. 245/1 मधून तारीख निघत नाही, म्हणून तो तसाच राहतो. पाचशे ओळींच्या यादीत तीस ओळी बिघडतात, आणि त्या कोणत्या हे शोधत बसावं लागतं. दुरुस्ती भरण्याआधी करायची असते : आधी रकाना मजकुराचा करायचा, मग नोंदी घ्यायच्या.

तलाठ्यांनी यात कमीपणा वाटून घेऊ नये. जनुकशास्त्रज्ञांची यादीही याच एक्सेलने बिघडवली. मार्च-1, सेप्ट-2 अशी काही जनुकांची नावं होती, ती 1 मार्च, 2 सप्टेंबर होऊन बसायची. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असल्या चुका सापडल्या. शेवटी 2020 मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल सुधारेल याची वाट कुणी पाहिली नाही. व्यवहारी निर्णय होता, पण थोडी लाजच वाटते.

जमिनीच्या क्षेत्राचं प्रकरण याहून खोल आहे. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. 100 आर म्हणजे एक हेक्टर, म्हणून 1.20 हेक्टर दशांशासारखं वाचलं तरी हिशेब बरोबर येतो. बोलण्यात आणि बांधावरच्या वाटणीत मात्र अजून एकर-गुंठे चालतात, आणि एकराला 40 गुंठे असतात. तिथे 1.20 म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. क्रिकेटच्या धावफलकावरची 19.3 षटकं जशी साडेएकोणीस असतात, तसंच. फ्लोटला हे कळायचं कारण नाही. 2.35 आणि 1.10 ची बेरीज तो 3.45 देतो. खरं उत्तर चार एकर पाच गुंठे. आणि 1.20 मधलं शेवटचं शून्य फ्लोटला निरर्थक वाटतं म्हणून तो 1.2 दाखवतो. वाचणारा ते एक एकर दोन गुंठे असं वाचू शकतो. अठरा गुंठ्यांवरून आपल्याकडे भावाभावांत काय होतं ते दिवाणी न्यायालयांना विचारा! अडचण वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गुंठा आणि आर जवळपास सारखेच भरतात. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101 च्या किंचित वर. त्यामुळे दोन्ही रकान्यांत आकडे खरेच वाटतात. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या इंटीजरांत ठेवावेत, किंवा सगळं चौरस मीटरमध्ये आणून एकच आकडा ठेवावा. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

तारखांबद्दल मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. एका पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख 1 जून आहे. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवत नसे, गुरुजी शाळा उघडण्याच्या महिन्याचा पहिला दिवस टाकत. वहीत ती 01/06 अशी लिहिली जाते. अमेरिकी मांडणीच्या संगणकाला ती 6 जानेवारी वाटते. कुणाचा जन्म 15/06 चा असता तर संगणक अडला असता, कारण पंधरावा महिना नसतो. 01/06 मात्र दोन्हीकडे चालते. एका फटक्यात गावातली अर्धी म्हातारी मंडळी पाच महिन्यांनी मोठी होतात आणि कुठेही लाल अक्षर दिसत नाही. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की हा घोळ मिटतो. तारीख मजकुरात ठेवली तरी तो क्रम अक्षरानुसार लावताही बरोबर येतो. निजामाच्या काळातली कागदपत्रं चाळणाऱ्यांना आणखी एक सावधगिरी हवी. त्यातली वर्षं फसली असतात. फसली 1340 म्हणजे इसवी 1930 च्या सुमाराचं. इंटीजर म्हणून दोन्ही वर्षं निर्दोष आहेत. कोणतं पंचांग, हे लिहायला वेगळा रकाना लागतो.

बराच पैसा ज्या चुकीत अडकू शकतो ती म्हणजे रिकामी जागा आणि शून्य यांची गल्लत. बीड हा कमी पावसाचा जिल्हा, आणि पीक विम्याशी त्याचं नातं जुनं आहे. 2020 मध्ये इथे सुरू झालेली विम्याची पद्धत 'बीड पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. विमा कंपनीचं उत्तरदायित्व जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंत, आणि नफ्यालाही मर्यादा. पुढे 2023 च्या खरिपात पावसात सलग 21 दिवसांचा खंड पडला की 25 टक्के अग्रिम भरपाई, हा नियम गावोगाव चर्चेत होता. खंड मोजायचा महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून.

आता एखाद्या दिवशी मापक बंद पडला, किंवा नोंद आलीच नाही. तो रकाना रिकामा आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने रकान्याचा टाइप नुसता इंटीजर किंवा फ्लोट ठेवला असेल तर रिकाम्या जागी बहुधा 0 बसतो, आणि मग तो दिवस कोरडा. खंड 20 दिवसांचा असेल तर 21 चा होतो. उलट रिकामे दिवस वगळून मोजले तर खरा 21 दिवसांचा खंड 20 चा होतो. पहिल्यात कंपनी भांडेल, दुसऱ्यात शेतकरी. 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस पडला की नाही माहीत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि साध्या संख्येच्या टाइपमध्ये दुसऱ्याला जागाच नसते. एक्सेल सरासरी काढताना रिकामे रकाने सोडतो आणि शून्य धरतो. नोंद करणाऱ्याने सवयीने रिकाम्या जागी 0 टाकला तर महिन्याची सरासरी खाली येते. भाषांमध्ये 'काहीच नाही' यासाठी वेगळी किंमत असते. पायथनमध्ये तिला नन म्हणतात, डेटाबेसमध्ये नल. नल नावाचीच एक कल्पना 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत आणणाऱ्या टोनी होअर यांनी 2009 मध्ये तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्यांचा रोख वेगळ्या प्रकारच्या नलवर होता. पाऊस नोंदवणाऱ्याला ती किंमत लागतेच.

याच रकान्यात अर्ध्या कोयत्याची बहीण दडलेली असते. हवामान विभागाच्या व्याख्येत 2.5 मिलीमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. मापकात 2.8 भरले आणि रकाना इंटीजरचा असला तर उरले 2. पावसाचा दिवस कोरडा झाला.

होय-नाहीचा, म्हणजे बूलियन, टाइप सर्वांत सोपा समजतात. पालक तोडीला गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात. त्यासाठी यादी करताना रकाना असतो : मूल पालकांसोबत गेलं का? मास्तर लिहितात 'नाही'. पायथनमध्ये कुठलाही रिकामा नसलेला मजकूर खरा मानला जातो, म्हणून 'नाही' हे उत्तर बूलियनमध्ये बदललं की 'होय' होतं! रकाना कोरा सोडला तरच 'नाही' होतं. वसतिगृहात राहिलेली सगळी पोरं प्रोग्रामच्या लेखी फडावर गेली. उत्तराची तुलना थेट 'नाही' या मजकुराशी करावी लागते, आणि मग कुणी 'नाय' लिहिलंय का, मागे मोकळी जागा सुटलीय का, हेही पाहावं लागतं.

आणि मराठी मजकूर हा स्वतःच एक टाइप आहे, जो इंग्रजी उदाहरणांच्या पुस्तकांत भेटत नाही. पायथनला 'बीड' या नावाची लांबी विचारा. तो 3 सांगतो : ब, वेलांटी, ड. नाव उलटं करायला सांगा. उत्तर येतं 'डीब', कारण वेलांटी मधल्या जागेवरच राहिली आणि आता ती ड ला चिकटली. 'अंबाजोगाई' आपल्याला पाच अक्षरांचं वाटतं. युनिकोड या संकेतपद्धतीत ते नऊ खुणांचं आहे आणि यूटीएफ-8 पद्धतीत 27 बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) घेतं. नावासाठी 20 बाइट राखलेल्या जुन्या यंत्रणेत ते 'अंबाजो' वर तुटतं.

शोधताना याहून छळणारा शब्द म्हणजे 'शेतकऱ्यांना'. त्यातला ऱ्या तीन प्रकारे साठवता येतो : ऱ या स्वतंत्र खुणेने, र ला नुक्ता लावून, किंवा र च्या पायमोडक्या रूपापुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखे दिसतात. संगणक खूण खुणेशी ताडून पाहतो, म्हणून त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. एका कळफलकावर भरलेली यादी दुसऱ्या कळफलकावरून शोधली की सापडत नाही आणि लोक नोंदच नाही म्हणून परत जातात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एकरूप होतात. तिसऱ्यासाठी मात्र बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. देवनागरी अंकांचंही असंच आहे. '१२' हा मजकूर पायथनचा इंटीजर बिनतक्रार 12 म्हणून घेतो, जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानायलाच नकार देते. म्हणून एकाच अर्जाची मागची बाजू पायथनमध्ये आणि पुढची जावास्क्रिप्टमध्ये असेल, तर मराठी अंकांत भरलेली उचल पडद्यावरच अडते. ती अडू द्यायची, की दहा अंकांची अदलाबदल करणारी दोन ओळींची सोय आधीच लिहून ठेवायची, हे अर्ज बनवणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवावं.